झाकण सुटं मिळणार नाही

आमच्या गाडीला जाळी नाही. पेट्रोलच्या गाडीला इंजिनाला वारा लागावा म्हणून पुढे जाळी असते. विजेच्या गाडीला तिची गरज नसते, त्यामुळे कंपनीने पुढचा भाग साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत ठेवला आहे. मधोमध कंपनीचं चिन्ह आणि चिन्हाखाली तळहाताएवढं एक झाकण. झाकण उघडलं की आत चार्जिंगचं तोंड. गाडी घेण्याआधी मी बरंच काही तपासलं होतं. बॅटरीची हमी किती वर्षांची, एका किलोमीटरला वीज किती लागते, सोसायटीच्या इमारतीखालच्या पार्किंगमधल्या खांबापासून आमच्या जागेची रुंदी किती आणि दोन्ही बाजूंची दारं उघडल्यावर गाडीची किती. दसऱ्याला हार कुठे बांधायचा, हा प्रश्न मात्र मला सुचला नव्हता.

गाडी माझ्या बायकोची आहे. असं म्हणायची पद्धत म्हणून नव्हे, कागदावरही तिचीच आहे, कारण बाईच्या नावावर कर्ज घेतलं तर आमची बँक व्याज थोडं कमी लावते. आणि चालवतेही तीच. माझा डावा डोळा लहानपणापासून नावापुरता आहे. अंतराचा अंदाज येत नाही, म्हणून मी गाडी शिकण्याच्या फंदात पडलो नाही. मी शेजारी बसतो आणि पट्टा लावतो.

ती उरणच्या एका शाळेत भूगोल शिकवते. बरीच वर्षं नेरूळहून बसने गेली, मग रेल्वे झाली तेव्हा रेल्वेने. पन्नाशीला दोन वर्षं उरली असताना एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता म्हणाली, मला गाडी शिकायची आहे. मला वाटलं, भाजी संपेपर्यंत विसरेल. तिने दुसऱ्याच दिवशी ड्रायव्हिंग स्कूलचे पैसे भरले. तिथला शिकवणारा तिला पहिले काही दिवस 'काकू' म्हणायचा. क्लच सोडताना गाडी बंद पडली की तो हसायचा, ते तिला आवडायचं नाही. तिने त्याला 'काकू'वरून 'मॅडम'वर आणलं आणि परवाना काढला. मग आम्ही बिनक्लचची ही गाडी घेतली.

उरणचा रस्ता नवशिक्याचा नाही. बंदराकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर रात्रंदिवस वाहत असतात आणि आपली गाडी त्यांच्या चाकाच्या उंचीची. ती एकटी पहिल्यांदा गेली त्या दिवशी मी ऑफिसात कामाला हात लावला नाही. शाळेत पोचल्यावर तिचा फोन आला. एकच शब्द बोलली, 'लावली.' म्हणजे शाळेच्या आवारात गाडी लावली.

त्यानंतर आमच्या घरातलं वारं बदललं. येताना उरणच्या बाजारातून ताजी मासळी यायला लागली. आधी ट्रेनमध्ये बायका नाक मुरडतात म्हणून ती आणायची नाही. जेवताना शाळेच्या गोष्टी मागे पडल्या आणि ट्रेलरच्या गोष्टी पुढे आल्या. 'आज दोघांच्या मधून काढली,' असं ती आमटी वाढता वाढता सांगायची आणि माझा घास हातातच राहायचा. तिची चालसुद्धा बदलली होती. लिफ्टमधून उतरताना किल्ली हातात अशी धरायची की समोरच्याला दिसावी. मला हे सगळं फार आवडत होतं.

तर दसरा. आमच्याकडे वाहनपूजा आईच्या हातची. आई मूळची साताऱ्याकडची, नव्वदीच्या अलीकडे, गुडघे सोडले तर ठणठणीत. सकाळी वाशीच्या मार्केटातून आणलेल्या झेंडूचा तिने हातभर जाड हार केला. खाली आली आणि गाडीभोवती एक फेरी मारून उभी राहिली.

"हिला बांधायचं कुठं?" तिने विचारलं.

मी वायपर सुचवला. त्यावर आईने विचारलं, काच झाकल्यावर सूनबाईंनी बघायचं कुठून? मग हाराची दोन टोकं दोन आरशांना बांधली. पण मध्ये हार लोंबायला लागला आणि आईला लोंबणारा हार चालत नाही. तिने झाकण उघडायला लावलं, दुपदरी दोरा बिजागरीतून दोनदा ओवला, गाठ मारली, आपट्याचं एक पान आत सरकवलं आणि झाकण दाबून लावलं. हार ताठ बसला. गाडी छान दिसत होती, हे मान्य करायला हवं. कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं, सगळं रीतसर झालं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी हार काढला. दिसणारा दोरा कापला. बिजागरीत गुंडाळलेला दिसला नाही. मग चार्जिंग लावायला झाकण दाबलं. ते आपोआप वर येतं, आत एक बारकी मोटर असते. मोटर कुंथली, आणि मोड आलेला मूग दाताखाली यावा तसा एक आवाज झाला. बिजागरीचा एक हात तुटून माझ्या पायाशी पडला. वर येऊन मी तो आईच्या समोर ठेवला. आईने चष्मा लावून तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "एवढ्या लाखांची गाडी आणि दोऱ्यानं मोडते होय?"

गाडी चार्ज व्हायची. झाकण चिकटपट्टीने बंदही राहायचं. पण तुटलेल्या हातात एक बारीक खूण होती, जिच्यावरून गाडीला कळायचं की झाकण लागलं आहे. ती खूणच गेल्यामुळे गाडीच्या मते झाकण कायम उघडं होतं. समोरच्या पडद्यावर लाल अक्षरं आणि त्यासोबत घंटा. मोठी नाही, देवघरातल्यासारखी, पण न थांबणारी. गाडीचा वेग वाढला की घंटाही वेग धरायची.

सोमवारी बायको तशीच उरणला गेली. चिकटपट्टी मी स्वतः लावली होती, दोन पदरी. बंदराच्या वळणाच्या अलीकडे मागून एका ट्रेलरने हॉर्न दिला. घंटा वाजत होतीच, त्यात हॉर्न. तिला वाटलं गाडीलाच काहीतरी होतंय आणि तिने करकचून ब्रेक दाबला. ट्रेलर थांबला, पण मागच्या काचेत तिला फक्त त्याचा बंपर दिसत होता, एवढ्या जवळ थांबला. ड्रायव्हर खाली उतरून जे बोलला ते तिने मला सांगितलं नाही. संध्याकाळी ती घरी आली, किल्ली टीव्हीजवळच्या वाडग्यात ठेवली आणि म्हणाली, "झाकण बसेपर्यंत मी ट्रेननं जाते."

हे ती अगदी सहज बोलली, आणि मला तिथेच धडकी भरली. चिडून बोलली असती तर मी निवांत राहिलो असतो. तिच्या धाकट्या बहिणीने अशीच एकदा पंक्चरचं निमित्त होऊन स्कूटर ठेवली ती कायमची. शिवाय ट्रेन वाईट नाही. उरणची गाडी मोकळी असते, बसायला जागा मिळते, शाळेतल्या दोघी सोबत असतात. सोडायला इतकं सोयीचं कारण असल्यावर माणूस परत कशाला धरेल? झाकणाची किंमत किती का असेना, उशीर परवडणारा नव्हता.

मी हिशोब मांडला. झाकण म्हणजे प्लास्टिकचा एक तुकडा, दोन स्क्रू, एक बिजागरी. कंपनीकडून विकत घ्यायचं, घरी बसवायचं. रविवारच्या आत काम झालं पाहिजे. मी ग्राहक सेवेला फोन केला. बाई फार गोड बोलल्या. त्यांनी सांगितलं की कंपनी सुटे भाग ग्राहकाला थेट विकत नाही. मी विचारलं, मग कोणाला विकते? म्हणाल्या, अधिकृत वर्कशॉपला. मी विचारलं, वर्कशॉप मला विकेल का? म्हणाल्या, ते तुम्ही वर्कशॉपला विचारा सर, आणि आणखी काही मदत करू शकते का, असं विचारलं. आणखी म्हणण्याइतकी आधी झालेली नव्हती, पण मी आभार मानले.

वर्कशॉप कळंबोलीला, लोखंड बाजाराच्या मागे. मी सुट्टी टाकून रिक्षाने गेलो. सोबत तुटलेला हात कागदात गुंडाळून घेतला होता. आत एसी, कॉफीचं यंत्र, काचेच्या पलीकडे पांढऱ्याशुभ्र फरशीवर गाड्या. स्पेअर पार्टच्या खिडकीतला माणूस तिशीचा, सभ्य. त्याने तुकडा पाहिला आणि लगेच ओळखला. मला आनंद झाला. त्याने पडद्यावर आमच्या गाडीचं चित्र उघडलं, पुढचा भाग मोठा केला. सगळे भाग एकमेकांपासून सुटे काढून हवेत तरंगत ठेवलेले, प्रत्येकाला बाण आणि नंबर. झाकणालाही बाण होता. झाकणालाही नंबर होता.

"हे झाकण," मी म्हणालो.

"झाकण सुटं मिळणार नाही, सर. पूर्ण असेंब्ली घ्यावी लागेल. तोंड, वायर, मोटर, सगळं एकत्र येतं."

"पण याला वेगळा नंबर आहे."

"नंबर आहे."

"मग नंबर कशाला दिलाय?"

त्याने पडद्याकडे पाहिलं. त्यालाही हे कधी कोणी विचारलं नसावं. "माहितीसाठी," तो म्हणाला.

असेंब्लीचा आकडा त्याने सांगितला तो आमच्या घरातल्या फ्रिजपेक्षा जास्त होता. मी मनात किलोमीटर मोजले. गाडीने पेट्रोलच्या तुलनेत आतापर्यंत जे वाचवलं होतं त्यातला चांगला मोठा लचका त्या झाकणाने तोडला असता. तरी मी म्हणालो, चालेल, द्या असेंब्ली, मी पैसे आत्ता भरतो. तेव्हा कळलं की असेंब्लीही काउंटरवर विकत नाहीत. आधी जॉबकार्ड, म्हणजे गाडीच्या कामाची नोंद, उघडतं, जॉबकार्डवर भाग मागवला जातो. जॉबकार्ड उघडायला गाडी आत यावी लागते. फोटो चालेल का? नाही. व्हिडिओ? नाही सर, गाडी.

मी बाहेर पडलो. चारही बाजूंना ट्रकचे सुटे भाग विकणारी दुकानं. ज्या बाजारात अख्खा ट्रक सुटा करून परत जोडून मिळेल, तिथे मी एका झाकणासाठी रिकाम्या हाताने उभा होतो. एका दुकानात शिरलो. दुकानदार साठीचा, कानात अत्तराचा फाया, चहा बशीत ओतत होता. मी तुकडा दाखवला. कुठल्या गाडीचा म्हणाला. मी सांगितलं.

"इलेक्ट्रिक? शेठ, माझ्याकडे डिझेलच्या टाकीचं झाकण आहे. कुलपासकट." त्याने खरंच एक काढून समोर ठेवलं. जड, पोलादी, मुठीत न मावणारं. "हे लावा. चार्जिंग चोरीला जाणार नाही."

मी हसलो, तोही हसला आणि अर्धा चहा माझ्यापुढे सरकवला. मग त्याने त्या तुकड्याचा आणि कंपनीचा असा काही उद्धार केला की माझा अर्धा राग तिथेच उतरला. झाकण मात्र मिळालं नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं की गाडी वर्कशॉपला न्यावी लागेल.

"नेऊ ना. झाकण बसलं की नेते," ती म्हणाली.

"झाकण बसवायलाच न्यायची आहे."

"घंटा वाजत असताना मी चालवणार नाही."

म्हणजे कंपनी म्हणत होती, गाडी आली की झाकण. बायको म्हणत होती, झाकण आलं की गाडी. दोघांचंही आपापल्या जागी चुकत नव्हतं, आणि मी, ज्याला गाडी येत नाही, मध्ये उभा. गाडी उचलून नेणारा ट्रक कंपनीकडे आहे, हे मी पुस्तिकेत वाचलं होतं. फोन केला. पलीकडच्या माणसाने विचारलं, गाडी चालते का? मी खोटं बोलत नाही. चालते, म्हणालो. मग ती सेवा लागू नाही सर, ती बंद पडलेल्या गाडीसाठी आहे. चालवणारी बंद पडली आहे, हे त्यांच्या यादीत बसत नव्हतं.

मी ईमेल लिहायला बसलो. मुद्देसूद लिहिलं, तुटलेल्या भागाचं मोजमाप दिलं, चित्रातला नंबर दिला, झाकण सुटं विकावं अशी विनंती केली आणि न विकण्याचं कारण विचारलं. दोन दिवसांनी उत्तर आलं की कंपनी या विषयावर फक्त नोंदणीकृत मालकाशी पत्रव्यवहार करते. व्याजात वाचवलेल्या पाव टक्क्याने माझं तोंड असं बंद केलं. मी नोंदणीकृत मालकाला स्वयंपाकघरात जाऊन गाठलं. तिने हात पुसले, चष्मा लावला, माझं ईमेल वाचलं आणि लाल पेन मागितलं. ईमेल पडद्यावर असल्यामुळे पेन चालणार नव्हतं, म्हणून तिने तोंडी सुरुवात केली.

"अहो, तीनदा 'अन्यायकारक'? एकदा पुरे. आणि हे मोजमाप कशाला? त्यांचंच झाकण आहे, त्यांना माप माहीत असेल."

तिच्या नावाने सुधारलेलं ईमेल गेलं. उत्तर तिच्या नावाने आलं, नम्र होतं, आणि त्यात सांगितलं होतं की कृपया गाडी वर्कशॉपला घेऊन यावी. दरम्यान ती ट्रेनने जात होती. ट्रेनमध्ये शाळेतल्या दोघींनी पत्त्यांचा डाव सुरू केला होता. घरी येऊन ती पत्त्यांच्या गोष्टी सांगायची. मासळी बंद झाली. आईने एकदा विचारलं, सुरमई महाग झाली का?

शेवटी मी भाड्याने ड्रायव्हर बोलवायचं ठरवलं. दिवसाच्या बोलीवर येतात. बायको तयार झाली, कारण मालक म्हणून तिला यावंच लागणार होतं. जॉबकार्ड उघडताना फोनवर जो नंबर येतो तो तिच्याच फोनवर येणार होता. शनिवार ठरला. ड्रायव्हर बोनकोड्याचा, चाळिशीचा, उंच, सोन्याची साखळी, हसरा. आल्या आल्या म्हणाला, "टेन्शन घेऊ नका मॅडम, मी टँकर पन चालवलाय." मी पुढे बसलो, बायको मागे.

गाडी सुरू झाली, घंटा सुरू झाली. त्याने पडद्याकडे पाहिलं, चारदोन ठिकाणी बोट लावून पाहिलं. थांबेना. मग त्याने त्यावर उपाय म्हणून गाणी लावली आणि घंटा ऐकू येऊ नये इतकी मोठी केली. पामबीचवर तो एका हाताने चालवत होता. दुसरा हात खिडकीबाहेर. मागून बायको म्हणाली की काच बंद करा, एसी चालू आहे. त्याने बंद केली. किल्ला जंक्शनला तो पिवळ्यात घुसला. मला मागून बायकोचा श्वास ऐकू आला, म्हणजे गाण्याच्या वरून ऐकू आला. हायवेला लागल्यावर त्याने लोखंडी गुंडाळ्या वाहणाऱ्या एका ट्रेलरच्या मागे, अगदी मागे, गाडी नेऊन चिकटवली आणि फोन उचलला.

"अंतर ठेवा," बायको म्हणाली. हा तिचा नववीच्या वर्गातला आवाज होता. मी तो घरी क्वचित ऐकला आहे.

"मॅडम, ही गाडी हलकी हाय. पटकन थांबते."

"ती पटकन थांबते, त्याच्यावरची गुंडाळी थांबत नाही. अंतर ठेवा. आणि उजवीकडून नका काढू, तो इंडिकेटर न देता वळणारे. त्याची पुढची चाकं बघा."

ट्रेलर इंडिकेटर न देता वळला. ड्रायव्हरने ब्रेक मारला, आम्ही सगळे पुढे गेलो आणि मागे आलो. तो मोठ्याने हसला. "मॅडमला लय कळतं," तो म्हणाला आणि फोन पुन्हा कानाला लावला.

"गाडी बाजूला घ्या."

त्याला वाटलं उलटी होतेय. खारघरच्या पुढे, जिथे रस्ता जरा रुंद होतो, तिथे त्याने गाडी घेतली. बायको उतरली, पुढे आली, त्याच्या बाजूचं दार उघडून उभी राहिली. तो तिच्याकडे बघत राहिला.

"मागे बसा," ती म्हणाली.

"मॅडम, पैसे—"

"पूर्ण मिळतील. मागे बसा."

तो उतरून मागे गेला. तिने आसन पुढे ओढलं, आरसे एकेक करून आपल्या उंचीला लावले, गाणी बंद केली. घंटा परत ऐकू यायला लागली. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. बोलण्यासारखं बरंच होतं, पण बोललो असतो तर बिघडलं असतं एवढं मला संसारातून कळलं आहे. पट्टा मात्र परत एकदा ओढून पाहिला. इंडिकेटर देऊन, मागचे तीन ट्रेलर जाऊ देऊन, ती रस्त्याला लागली. पहिल्या एकदोन किलोमीटरला तिचे हात स्टिअरिंगवर इतके घट्ट होते की बोटांची पेरं पांढरी दिसत होती. मग कामोठ्याच्या पुलाशी एका डंपरने हॉर्न दिला. ती दचकली. पण ब्रेकवर पाय गेला नाही. आरशात बघितलं, डंपरला जाऊ दिलं आणि पुटपुटली, "जा बाबा, तुझी पाळी."

मागून घोरण्याचा आवाज यायला लागला. ड्रायव्हरसाहेब झोपले होते, घंटेसकट.

वर्कशॉपमध्ये जॉबकार्ड उघडलं. सल्लागार म्हणून जो तरुण होता त्याने बायकोला 'मॅडम' आणि मला 'सोबत आलेले' असं धरलं, ते योग्यच होतं. बिघाडाचं कारण त्याला यादीतून निवडायचं होतं: अपघात, पाणी, उंदीर, इतर. मी सांगितलं, हार. तो म्हणाला, अपघात टाकू का? मी म्हणालो, अपघात झालेला नाही, 'इतर' टाका. बायकोने मला डोळ्यांनी गप्प केलं. मग त्याने टॅबने झाकणाचा फोटो काढला, एक समोरून, एक बाजूने, आणि म्हणाला, झालं. आता मागणी जाईल. भाग आला की फोन करू.

"म्हणजे आज बसणार नाही?" बायकोने विचारलं.

"नाही मॅडम. भाग कारखान्यातून येतो. काही आठवडे लागतात."

"मग आज गाडी कशाला आणायला लावली?"

"फोटोसाठी," तो म्हणाला. "आमच्याच टॅबवरून लागतो."

मला वाटलं आता ती त्याला नववीच्या आवाजात काहीतरी ऐकवेल. तिने खुर्चीत मागे टेकून एवढं मोठं हसायला सुरुवात केली की कॉफीच्या यंत्राजवळची माणसं वळून बघायला लागली. त्या मुलालाही हसू आवरेना. मला तोवर राग आलेला होता, तो कुठे ठेवावा कळेना.

येताना तिनेच चालवली. ड्रायव्हरला नेरूळ स्टेशनजवळ सोडलं. मी पूर्ण पैसे दिले. त्याने ते मोजले, खिशात घातले आणि खिडकीत वाकून तिला म्हणाला, "मॅडम, तुमाला येते ना एवढी चांगली? मंग मला कशाला उटवला शनवारचा?" तिने सांगितलं की शेजारी बसायला कोणीतरी लागतं. तो म्हणाला, मी तर मागं बसलेलो. आणि गेला.

आई दारातच उभी होती. झाकण बसलं का, तिने विचारलं. नाही म्हणालो. मग इतका वेळ काय केलंत?

"फोटो काढला," बायको म्हणाली आणि दोघी हसत सुटल्या. आईला फोटोचं काही माहीत नव्हतं, पण सून इतक्या दिवसांनी अशी हसते आहे म्हटल्यावर तीही सामील झाली.

सोमवारी सकाळी मी दाढी करत होतो. बाहेर वाडग्यातून किल्ली उचलल्याचा आवाज आला. मी साबण तोंडाला तसाच ठेवून बाहेर आलो. ती चपला घालत होती.

"घंटा वाजेल," मी म्हणालो. हे मी कशाला म्हणालो मला कळत नाही.

"वाजू दे. शाळेत दिवसभर वाजतेच."

खाली जाऊन मी चिकटपट्टी नवी लावून दिली. तिने गाडी काढली. घंटेचा आवाज गेटपर्यंत आला, वळणावर जरा जलद झाला आणि गेला. त्या दिवशीही मी ऑफिसात फारसं काम केलं नाही. पोचल्यावर फोन आला, पण तो पोचल्याचा नव्हता. पाव किलो कोळंबी आणू की अर्धा, एवढंच तिला विचारायचं होतं. अर्धा, मी म्हणालो.

पत्त्यांचा डाव आता गाडीत चालत नाही, कारण तिसरा गडी गाडी चालवत असतो. शाळेतल्या त्या दोघीही आता ट्रेन सोडून स्टेशनवरून तिच्या गाडीत येतात. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं की ही घंटा कसली? तिने सांगितलं, माझ्या सासूबाईंनी गाडीची पूजा फार मनापासून केली. त्यांचा विश्वास बसला की नाही माहीत नाही, पण आईच्या कानावर हे आलं तेव्हा आईला ते फार आवडलं आणि ती ते आता सोसायटीतल्या बायकांना स्वतः सांगते.

मी ईमेल लिहिणं थांबवलेलं नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. ज्या वस्तूला नंबर आहे ती वस्तू मिळाली पाहिजे, असं माझं म्हणणं आहे आणि मी ते मालकाच्या सहीने दर पंधरा दिवसांनी मांडतो. मालक वाचते, एखादं 'अन्यायकारक' खोडते आणि पाठवते.

नोव्हेंबर संपत आला तेव्हा वर्कशॉपचा फोन आला. बायको वह्या तपासत होती, तिने मलाही ऐकू यावं म्हणून फोन स्पीकरवर लावला. असेंब्ली आली होती. गाडी सोमवारी सकाळी आणून सोडायची, दोन दिवसांनी न्यायची. मी आनंदाने मान हलवली, तारीख लिहून घ्यायला पेन शोधायला लागलो.

"दोन दिवस?" बायको फोनमध्ये म्हणाली. "छे हो. आता घटक चाचणीचे पेपर आहेत, मग सहल आहे. नाताळच्या सुट्टीत बघू. आत्ता मला रोज गाडी लागते."

पलीकडचा मुलगा गडबडला. मॅडम, भाग आलाय, म्हणाला. तिने शांतपणे सांगितलं, आलाय ना, मग ठेवा जपून. आणि पुढची वही उघडली.